तीन जिवांवरचं शेत

४ सप्टेंबर
पोचले एकदाची ब्रॅडन कूमला! लेस्टरहून निघताना नवऱ्याने टोमणा मारलाच, की जिवंत नातेवाइकांना वर्षात एक फोन नाही आणि मेलेल्यांसाठी थेट डेव्हनपर्यंत धाव. मारू दे. नऊ वर्षं वंशावळ जमवतेय, आता फक्त अँब्रोज हॅकवेल अडलाय. जन्म १७३१, शेतकरी, लग्न, पाच मुलं, सगळं सापडलं. मेल्याची नोंद तेवढी कुठेच नाही. खोली मिसेस टॉझरकडे घेतलीय. त्यांनी चहाबरोबर स्कोन, साय आणि गावच्या भानगडी एकदमच वाढल्या.

६ सप्टेंबर
चर्चच्या वह्या चाळल्या. बाकीचे हॅकवेल ओळीने पुरलेले, हा नाही. मिसेस टॉझर म्हणाल्या, अगं पोरी, वरच्या शेतावर एक हॅकवेल अजून आहे की. जाऊन ये, पण म्हातारा भारी चौकस हो, तोंडात दात किती तेसुद्धा विचारेल.
गेले. दोन काठ्यांवर वाकलेला म्हातारा, नावही अँब्रोजच. घराण्यात चालत आलं असणार. त्याने सायडर पाजली. वंशावळ पाहून त्याचे डोळे भरून आले, म्हणून एक प्रत देऊनच टाकली, अगदी पोरांपर्यंत: दादाचा जॅस्पर, वय एकोणीस, आणि माझी लेक ब्रायनी, वय नऊ. जिवंत माणसांची नावं परक्याला द्यायची नाहीत, हा आमच्या छंदातला पहिला नियम. पण हा परका कुठे?

८ सप्टेंबर
म्हाताऱ्याने शेताचा जुना दस्त दाखवला. मिसेस टॉझरनी उलगडून सांगितलं: पूर्वी इथे जमीन तीन जिवांवर मिळायची. दस्तात तीन नावं, त्यांतलं एक जरी जिवंत असलं तरी शेत तुझं. एक गेलं की नवं घालायचं. लोक मुद्दाम पोराबाळांची नावं घालत. कोवळा जीव जास्त पुरतो ना, असं म्हणून त्या हसल्या.
शेत अँब्रोज हॅकवेलच्या नावे, साल १७५८. खाली खोडलेल्या नावांची रांग. त्यात माझे आजोबा. बाबा. न खोडलेली फक्त एडिथ आत्या, इथल्याच वृद्धाश्रमातली. आणि सगळं अक्षर एकाच हाताचं. मला ते मुळीच आवडलं नाही.

९ सप्टेंबर
आत्या सकाळी गेली. दुपारी सांगायला शेतावर गेले. म्हाताऱ्याच्या हातात एकच काठी.

११ सप्टेंबर
दादाचा फोन. जॅस्पर. फुटबॉल खेळता खेळता मैदानावर कोसळला, संपलाच.
शेतावर धावले. अँब्रोज पेंढ्या उचलून रचत होता. काठी नाही. केस काळे. टेबलावर दस्त — आत्या खोडलेली, जॅस्पर खोडलेला, खाली ओली शाई. माझ्या लेकीचं नाव. मी दिलं. मीच दिलं.
तो म्हणाला, रागावू नकोस पोरी, घरचीच माणसं घेतो, परक्याला कधी हात लावला नाही.

१२ सप्टेंबर, दुपार
नवऱ्याचा फोन. लेकीला ताप, डोळे उघडत नाही. शेतावर आलेय. तो बागेत होता. दस्त चुलीत घातला, जळेना. चाकूने तिचं नाव खरवडलं, तिथे माझं लिहिलं.
पुन्हा फोन. उठून बसली म्हणे, टोस्ट मागतेय. देवा —

माझा जीव ओसरायला लागलाय. त्याला दिलेली वंशावळही चुलीत टाकली, ती मात्र जळली, पूर्ण जळली. दस्तात आता जिवंत नाव माझं एकटीचं. मी गेले की त्याच्याकडे घालायला नाव नाही. मग तोही संपेल. संपू दे.

भीती वाटतेय. फार —

कडी लावलीय. तो दाराशी आहे. खरवडलेलं नाव त्याच्या डोक्यातूनही गेलंय — गोड आवाजात विचारतोय, तुझ्या लेकीचं नाव काय गं? नाही सांगणार. मेले तरी नाही —

ही वही. मागे मी तिचं — वयासकट —

चूल चार पावलांवर. पाय उचलत नाहीत. कडी हल