खोडलेल्या तीन सूचना

ओटारा, ऑकलंड
रविवार, ६ सप्टेंबर १९९८

प्रिय भाऊ लाफाएले यास,

देवाच्या दयेने इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तिकडे सामोआत तू, सिएनी, पोरं आणि नातवंडंही बरी असाल अशी आशा करते. तुझा गुडघा धरतो आणि उपासनेत तू आता बसूनच गातोस, असं तुमच्या चिटणिसाच्या पत्रात वाचलं. बावीस वर्षांनी लिहिते आहे. अक्षर ओळखलं असशील तर हे पत्र चुलीत घालशील, हे मला ठाऊक आहे. घाल, पण शेवटपर्यंत वाचून मग घाल. मी तुझी मोठी बहीण आहे आणि एवढं सांगायचा हक्क अजून माझ्याकडे आहे असं मी धरून चालते.

निमित्त असं की तुमचं गायनमंडळ एकवीस तारखेला इथे येतंय. आमची पाळकीणबाई लोसा मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पंधरा वर्षं या शहरात बस चालवताय. पाहुण्यांसाठी चार सूचना लिहून द्या." मी चार सांगता बारा लिहिल्या. ती यादी मंडळाला येईलच, पण तू याद्या वाचणारा माणूस नाहीस, म्हणून तुला वेगळं सांगते.

पायमोजे आण. सप्टेंबरात इथली थंडी पायातून वर चढते. लावालावा नेसलास तरी खाली लांब विजार घाल, कोणी वाकून बघत नाही. छत्री आणू नकोस, इथला वारा दोन दिवसांत तिच्या काड्या करतो. टोपीवाला रेनकोट मी देईन, घेतलास तर.

बसमध्ये चढताना सुटे पैसे हातात ठेवायचे आणि उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायचं. आणि मुख्य म्हणजे कोणाच्या मांडीवर बसायचं नाही! तू हसशील, पण गेल्या वर्षी आपल्या सवाई'ई बेटाहून आलेले चर्चचे एक थोराड डीकन माझी बस भरलेली बघून सरळ एका टायवाल्या गोऱ्या साहेबाच्या मांडीवर बसले. मी आरशात बघून ओरडले, "काका, उठा! हे आपलं गाव नाही!" तर काका शांतपणे म्हणतात, "बरं, मग त्याला माझ्या मांडीवर बसू दे. म्हातारा मी आहे का तो?" अख्खी बस हसली. साहेब पुढच्या थांब्याला उतरला, तो त्याचा थांबा नव्हता.

शनिवारी सकाळी सहाला ओटाराच्या बाजारात ये. आठनंतर नुसती पालं आणि पर्यटक उरतात. तारोचे कंद फिजीचे असतील. आपल्याकडच्या तारोवर रोग पडल्यापासून इथे आपला माल येतच नाही. तेव्हा विकणाऱ्या बाईला "हे काय, चिखल विकतेस का?" असं म्हणू नकोस. तू म्हणशीलच, पण हळू म्हण. फेरीबोटीत बसलात तर मागच्या बाजूला उघड्यावर बसा, तिकडून सगळं शहर दिसतं. ईडन टेकडीवर चढायचं, पण वरच्या खोलगट खळग्यात उतरायचं नाही. माओरी लोकांना ती जागा पवित्र आहे. आपल्या कबरींवर कोणी नाचलेलं आपल्याला चालेल का?

पॉन्सनबीला मंडळ जाणार आहे, कारण तिथे आपलं जुनं चर्च आहे. ते तुम्ही लोसाबरोबर बघा. मी त्या बाजूच्या मार्गावर बस नेत नाही. पंधरा वर्षांत एकदाही नेली नाही, पाळ्या बदलून घेते. आम्ही राहायचो ती घरं आता श्रीमंतांनी घेतली आहेत. दारात पितळेचे दिवे, अंगणात लॅव्हेंडर. चांगलंच आहे. तेव्हा एका घरात आम्ही चौदा जण होतो.

आता खरं बोलते. लोसाने माझ्या बारातल्या तीन सूचना लाल पेनाने खोडल्या. दहावी होती: घराबाहेर पडताना पासपोर्ट नेहमी अंगावर ठेवा. अकरावी: रस्त्यात चौघापाचांनी मिळून सामोअन बोलत उभं राहू नका. बारावी: उजाडायच्या आत दार वाजलं तर उघडू नका, दिवाही लावू नका.

"मावशी, हे काय? पाहुणे गाणी म्हणायला येतायत की दरोडा घालायला?"

"सवयीने लिहिलं गेलं," मी म्हटलं.

"कसली सवय?"

"चहा घे, गार होतोय."

पोरगी इथेच जन्मली, अठ्ठावीस वर्षांची आहे. ऐकलं असेल तिने, पण ऐकणं वेगळं. मी तिला सांगितलं नाही, कारण आधी तुला सांगायला हवं होतं.

लाफाएले, घरी मी "कागद झाले" असं कळवलं होतं ते खोटं होतं. मी तीन महिन्यांच्या परवान्यावर आले होते आणि शहात्तर साली मला इथे चौथं वर्ष होतं. माझ्यासोबत राहणारा आपला चुलतभाऊ पेसामिनो, त्याचंही तेच. कारखान्यांना माणसं हवी होती तोवर कोणी परवाना विचारला नाही. मग कामं कमी झाली आणि एकाएकी आम्ही लोकांच्या डोळ्यांवर आलो. त्या ऑक्टोबरात पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवायचे, म्हणजे आपल्या रंगाच्या कोणालाही, आणि पासपोर्ट मागायचे. पहाटे घरांत शिरायचे. आम्ही कपडे घालूनच झोपायचो.

आई गेल्याची तुझी तार त्याच आठवड्यात आली. माझी सिना चार महिन्यांची होती, तिचा बाप जहाजावर, दीड महिना समुद्रात. गेले असते तर परत पाऊल ठेवू दिलं नसतं. तरीही मी कागदावर तीन शब्द लिहिले: "थांबा. मी येते." तार करायला मीच निघाले होते. पेसामिनो मांस-कारखान्यात दुपारपाळीला निघाला होता, पांढरे रबरी बूट पायात. त्याने कागद माझ्या हातातून घेतला.

"तू बस. रडणाऱ्या बाईकडे सगळे बघतात. वाटेतच तर आहे, मी टाकतो."

"पासपोर्ट?"

"माझा फोटो बघण्यासारखा नाहीये," म्हणाला आणि हसत गेला.

पोस्टाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर त्याला धरलं. समोरच्या दुकानातल्या बाईने संध्याकाळी येऊन सांगितलं. घरी येऊन पिशवी घेऊ दिली नाही, बूट बदलू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्यायालय, चार रात्री कोठडी आणि पाचव्या दिवशी विमान.

तुमच्याकडे काय पोचलं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तुझं ते एकच पत्र. "आईला आम्ही अपियाच्या इस्पितळात सहा दिवस ठेवलं. तुझा शब्दही आला नाही. पेसामिनो तिच्या पोटचा नाही, पुतण्या. तो कामावरून उठला तो तसाच, रबरी बुटांनिशी, हातात पिशवीसुद्धा न घेता, कबरीपाशी धावत आला. त्याला जमलं, तुला नाही. आता येऊ नकोस." शब्द न् शब्द पाठ आहे.

तो धावत आला नव्हता, लाफाएले. त्याला हाकलून दिलं होतं. विमानतळावरून कुठे जावं कळेना म्हणून तो घरी आला, तर समोर अंगणात तुम्ही सगळे आईला पुरत होता. तू त्याच्या गळ्यात पडलास. हे त्याने मला नंतर एका खलाशाच्या हाती चिठ्ठी पाठवून कळवलं. "मला बोलूच दिलं नाही गं कोणी. सगळे रडत होते, म्हाताऱ्या माझे बूट पुसत होत्या. आता सांगितलं तर मी धक्के मारून काढलेला माणूस होईन, आणि तुझे कागद नाहीत हेही फुटेल. मी आहे तोवर सांगू नकोस." माझं काम करताना तो पकडला गेला होता. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते?

पुढच्या वर्षी सरकारने नावं नोंदवून घेतली आणि माझे कागद झाले. तेव्हा येता आलं असतं. आले नाही, कारण आले असते तर खरं सांगावं लागलं असतं. मी स्वतःला असंच सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी सिनाच्या बापालाही कधी सांगितलं नाही, आणि ते न कळताच तो गेल्या साली वारला.

पेसामिनोला धरलं त्याच्या दुसऱ्या पहाटे आमचं दार वाजलं. मी सिनाला घेऊन मागच्या दाराने उतरले आणि घराखाली, लाकडी खांबांच्या मधल्या मातीत पालथी पडले. पोरीच्या तोंडावर हात ठेवला. वर बूट वाजत होते. आमच्यातले तिघे नेले. मी सापडले नाही. किती हुशार मी, असं त्या दिवशी सगळे म्हणाले.

पण विचार कर. ते लोक मला काय करणार होते? घरी पाठवणार होते. फुकट. ज्या विमानात पेसामिनो होता त्याच विमानात, पोरीसकट. आईला अजून पुरलेलं नव्हतं. मला फक्त दार उघडायचं होतं. मी आदल्या दिवशीच "येते" असं लिहिलं होतं आणि न्यायला माणसं दारात आली होती, आणि मी मातीत तोंड खुपसून पडून राहिले. कारण मला इथेच राहायचं होतं. आईपेक्षा मला हे शहर हवं होतं. तू मला जे समजलास ते चुकीच्या कारणाने समजलास, पण अगदीच चुकीचं नव्हतं.

मे महिन्यात पेसामिनो गेला. त्याच्या अंत्यविधीची कॅसेट इथपर्यंत फिरत आली. स्वयंपाकघरात बसून मी तुझा आवाज ऐकला. "याने मावशी म्हटलं नाही, काकी म्हटलं नाही, आई म्हटलं आणि सगळं टाकून धावला. रक्ताची होती ती आली नाही." तुझा आवाज अजून तसाच आहे, शेवटी घसा बसतो तोही.

मी त्याचा मोठेपणा काढून घ्यायला लिहीत नाहीये. आईची कबर दर नाताळाला त्यानेच रंगवली, गवत त्यानेच काढलं, हे मला लोक सांगतात. तुम्ही त्याला जे समजलात ते तो बावीस वर्षं होऊन राहिला. माझी तार घेऊन त्या कोपऱ्यावर गेला नसता तर तो इथे पेन्शन घेत बसला असता. त्याच्याबद्दल बोललास त्यातलं काही खोडू नकोस. माझ्याबद्दलचं काय करायचं ते तू ठरव.

आता पुढचं, आणि यात बदल होणार नाही. तुझी उतरायची सोय डीकन तुलागाच्या घरी आहे. मी त्यात हात घातलेला नाही. विमानतळावर मी असेन, कारण तुमच्या मंडळाला आणायची बस मीच मागून घेतली आहे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर मागच्या बाकावर बस. उतरताना 'थँक यू' नाही म्हटलंस तरी चालेल.

अठ्ठावीसला तुम्ही परत निघता. त्याच विमानाचं तिकीट मी काढलं आहे. तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली. लोसाला सांगितलं, सिनाला सांगितलं. सिना म्हणाली, "मामाने घरात घेतलं नाही तर?" मी म्हटलं, "घरात जायला कुठे चालले आहे मी? आजी अंगणात आहे."

सिएनीला सांग, बहिणीची म्हणून मानाची चटई माझ्यासाठी अंथरू नका आणि आधी मला वाढायलाही बसू नका. घरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना बोलावून ठेव. पेसामिनोच्या बायकोला सगळ्यांत पुढे बसव, तिच्याशी मला आधी बोलायचं आहे. मग मी उभी राहून वर लिहिलं ते सगळं सांगेन, घराखालच्या मातीसकट. माझ्या तोंडून ऐका आणि मग काय ते म्हणा. तू "येऊ नकोस" म्हणाला होतास आणि ते मी बावीस वर्षं ऐकलं, कारण ते ऐकणं मला सोयीचं होतं.

आता ऐकणार नाही. या वेळी तार करत नाही, कोणाच्या हाती निरोप देत नाही. मी स्वतः येते आहे.

तुझी बहीण,
फुआतिनो