बारा ऑक्टोबरसाठी तिघांचं टेबल

२ सप्टेंबर, सोमवार.
जमीन मोजणी खात्यातून रिटायर होऊन दोन महिने झाले. आज रोझविता म्हणाली, "ऑटो, दुपारी बारा ते तीन तू माझ्या स्वयंपाकघरात नसलास, तर माझं आयुष्य वाढेल." तिला म्हणायचंय की माझ्या जिभेला हे घर अपुरं पडतंय. बायको असावी तर अशी.
संकल्प : ग्रात्समधल्या सगळ्या खानावळी शास्त्रशुद्ध तपासायच्या. चर्चच्या मासिक पत्रकात सदर लिहायचं. संपादक ट्रुमरबाईंशी बोललो. जागा उरली तर बघू, म्हणाल्या. म्हणजे ठरलं.
बारा ऑक्टोबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. लिंत्सहून लेक येणार, इर्मगार्ड. तोपर्यंत शहरातली सर्वोत्तम जागा हुडकून काढीन. रोझविता म्हणाली, मी आत्ताच बुक करून टाकते. म्हटलं, हे जाणकाराचं काम आहे.

५ सप्टेंबर. दुपारी ४.
'लंगडा बोकड'. श्निट्झेल, म्हणजे चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ काप, मागवलं. खिशात टेप होतीच. जाडी सहा मिलिमीटर, चार हवी. फेर्डल नावाच्या वेटरला तूप किती तापवावं ते समजावलं. तीन टेबलं त्याला हाका मारत होती, तरी हलला नाही. (मी त्याची बाही धरली होती.) मालकीण झाखबाईंना म्हटलं, भटारखाना दाखवा. म्हणाल्या, आत दोघांपुरतीच जागा आहे, साहेब. विनयशील बाई.

६ सप्टेंबर.
डॉक्टरांनी गोड बंद केलंय. बंद म्हणजे बंद. तपासणीसाठी खाल्लेलं अर्थातच धरत नाही. सफरचंदाचं स्ट्रूडल, दोन ठिकाणी.

१५ सप्टेंबर, रविवार.
पत्रक आलं. माझ्या अकरा पानांच्या चार ओळी झाल्यात. 'बोकडातलं बटाट्याचं सॅलड गार होतं. ते कोमट असावं. झाखबाईंनी नोंद घ्यावी. – ऑ. लामप्रेख्त.' आटवल्यावर रस्सा दाट होतो, तसं झालंय. चर्चच्या पायऱ्यांवर झाखबाई दिसल्या. पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या. जपून ठेवणार बहुतेक.

२० सप्टेंबर.
'तीन भोपळे'. भोपळबियांच्या तेलाबद्दल शंका आली. आपल्या श्टायरमार्क प्रांताचं तेल असं नसतं. शेजारच्या टेबलावर व्हिएन्नाचे पाहुणे होते, त्यांना सावध केलं. मालक बाटली घेऊन आला. म्हणाला, माझ्या सख्ख्या भावाच्या घाण्यावरचं आहे. मी म्हटलं, मग भावावर लक्ष ठेवा. त्यानं बाटली उचलली, माझं सॅलडही उचललं. सॅलड अर्धं शिल्लक होतं. सर्व्हिस सुधारायला हवी.

२७ सप्टेंबर. सकाळी १०.
बारा तारखेच्या टेबलासाठी फोन केले. 'बोकड' फुल. 'तीन भोपळे' फुल. 'जुनी वखार' फुल. वखारीतली मुलगी आधी 'हो, आहे ना' म्हणाली होती, मग नाव विचारलं, आणि फुल.
माझ्या सदरानं गावाला बाहेर जेवायची सवय लावली. चार ओळींत. जबाबदारीची जाणीव होते.
रोझविताला सांगितलं. ती एकच ताट बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "ऑटो, तू फोनवर नाव सांगतोस?" म्हटलं, आधी नावच सांगतो.

३ ऑक्टोबर.
'बोकडा'त जातीनं गेलो. झाखबाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. शनिवार भरलाय, म्हणाल्या. कुणी भरलाय, विचारलं. "माणसांनी," म्हणाल्या. गिऱ्हाइकांची नावं बाहेर सांगत नाहीत. चांगली पद्धत.

८ ऑक्टोबर.
आजवर अकरा खानावळी फुल. इर्मगार्डचा फोन. पप्पा, टेबल मिळालं ना? म्हटलं, दोन जागांमध्ये निर्णय व्हायचाय. खोटं नाही. स्टेशनवरचं कँटीन आणि चौकातली सॉसेजची गाडी.
झोप नीट नाही. पोटामुळे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.
नवी योजना. बाजारातून ब्रेड, हॅम, चीज घ्यायचं आणि किल्ल्याच्या टेकडीवर बसायचं. बंद खोलीत काय जेवायचं? रोझविताला उत्साहानं सांगितलं. तिनं कोट घातला. "आलेच," म्हणाली. पाऊण तासानं आली. उद्या सात वाजता, 'बोकड', तिघांचं टेबल, तिच्या माहेरच्या नावानं. झाखबाईंची एक अट आहे : जेवणाबद्दल मी एक अक्षर बोलायचं नाही. रोझवितानं माझ्या वतीनं शब्द देऊन टाकला.
विचार केला. जाणकारालाही कधीतरी सुट्टी हवी.

१२ ऑक्टोबर. रात्री.
टेबल खांबामागे. टेप रोझवितानं दारातच काढून घेतली. तळलेली कोंबडी आली. मी गप्प. सॅलड आलं. मी गप्प. झाखबाई येऊन रोझविताच्या शेजारी बसल्या, आणि दोघी कशावरून तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रोझविता असं हसते हे मला माहीत असायला हवं होतं.
इर्मगार्डनं ग्लास उचलला. म्हणाली, मम्मा, तू काहीतरी बोल. रोझविता म्हणाली, "चाळीस वर्षं मी वाढलं आणि यानं सांगितलं काय कमी आहे. आज दुसऱ्या कुणी वाढलं आणि हा गप्प बसला. याहून मोठी भेट नको."
इर्मगार्ड आणि झाखबाई टाळ्या वाजवायला लागल्या. फेर्डलही. मी पण वाजवल्या.
शेवटी फेर्डलनं विचारलं, जेवण कसं होतं? रोझविताला विचारलं, इर्मगार्डला विचारलं. मग थाळ्या उचलल्या.
कोंबडी उत्तम होती. सांगायची सोय नव्हती.

१३ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.
रोझविता आणि इर्मगार्ड पुन्हा 'बोकडा'त गेल्यात. दोघींचंच टेबल. माझ्यासाठी रोझविता बटाट्याचं सूप ठेवून गेली आहे.
मीठ कमी होतं. बोललो तसं. घरात कोणी नव्हतं. थोड्या वेळानं उठून मीच घालून घेतलं.