अमावस्येचा डाग

पुसेगाव, १६ जानेवारी २०२५

चि. शिवकन्येस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिहून राहिले. नांदेडला रक्तातल्या पेशी शिकून राहिलीस, पण आत्याच्या बोटांची सूज काही तुला उतरवता आली न्हाई! सकाळी शेळीची धार काढायला बसले की मूठ वळत न्हाई. दवाखान्यातली संधिवाताची, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मी बंद केली. शेजारचा प्रमोद म्हणाला, तिनं अंगातली रोगाशी लढायची ताकद जाते.

गेल्या साली काळ्या मेंढीचा गुडघा सुजला, आमच्या घरधन्यांनी, तुझ्या नामाजीमामांनी, लाल तापलेल्या विळ्यानं डाग दिला अन् ती कळपाबरोबर चालू लागली. मेंढीला चालतं ते मला काहून नको? अमावस्येला मनगटांवर डाग घेणार.

लग्नाचं मनात असंल तर लाजू नको, कळव.

तुझी आत्या,
सुभद्रा

नांदेड, २१ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. लग्न राहू दे, हातांचं बोलू.

काळीच्या गुडघ्यात काटा मोडून पू झाला होता. अशा जागी पेशी रसायनं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक मारतात. त्या धावून येतात, म्हणून जागा सुजते, तापते. जंतू मेले की हाका थांबतात. काळी त्यानं बरी झाली, डागानं नव्हे.

तुझ्या सांध्यात काटाही नाही, जंतूही नाही. तिथल्या पेशी तुझ्याच सांध्याला परका समजून बसल्यात, अन् एकमेकींना बोलावणं थांबवतच नाहीत. त्यात हाड झिजतं. गोळी तो गोंधळ कमी करते. प्रमोदचं थोडं खरं आहे, म्हणूनच रक्त तपासत राहायचं अन् ताप आला की डॉक्टरांना सांगायचं. पण मनानं बंद करायची नाही. गुण यायला महिने लागतात.

डाग म्हणजे नवी जखम, तिथं आणखी पेशी येणार. बोटं एकदा वाकडी झाली की कोणतीच गोळी ती सरळ करणार नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण डाग घेऊ नको.

मामांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
शिवकन्या

पुसेगाव, ३१ जानेवारी

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामांना दोनदा वाचून दाखवलं. तरी अमावस्येला, माणसांना डाग देणारा संतराम आलाच, अन् मामांनी विळा चुलीत लाल केला. मी संतरामला चहा दिला अन् डाग नको म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, बोलावून परत पाठवलं तर लोक हसतील. मी म्हटलं, हसू द्या. मग विळ्याची मूठ दोन्ही पंजांत धरून तो मीच बादलीत बुडवला. अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं.

काल दवाखान्यात जाऊन गोळी बंद केल्याचं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले, रक्त तपासलं अन् गोळी पुन्हा चालू केली. सूज तेवढीच आहे. पण हात माझे आहेत, अन् आता मी त्यांना सोडणार न्हाई.

आत्यावर लोभ ठेव.

तुझी,
सुभद्राआत्या