एका जमिनीची दोन मतं

१९ एप्रिल १७९९

ती. ओबेददादास, धाकट्या केझायाचा नमस्कार, वि. वि.

दादा, काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हल्डाला दात येताहेत म्हणून नाही, ती बिचारी झोपली होती. तुझा मेव्हणा लेम गोठ्यात उभा राहून कर्नल ड्रेपरच्या नावानं ओरडायची तालीम करत होता. बुधवारी कोर्टासमोर शेरीफनं पुकारलं की मत कुणाला ते सगळ्यांपुढं मोठ्यानं सांगायचं ना. गेल्या निवडणुकीत लेमचा आवाज चिरकला आणि तुम्ही रिपब्लिकन लोक कोंबडा कोंबडा म्हणून हसलात, ते अजून सलतंय त्याला. हल्डा उठली, गाय उठली. मग मी पडल्या पडल्या नदी ऐकत राहिले आणि उरलीसुरली झोप गेली.

तराफा वाहून गेलाय, दादा. दोर तेवढा शाबूत आहे, त्यावरून टपालाची थैली ओढतात, माणूस जात नाही. रविवारी खालच्या उतारावर, नदी पायी ओलांडतात तिथं, एकाचं खेचर वाहून गेलं, गाडीसकट. आणि तू मत द्यायला अलीकडे येणार. तुला पोहता येत नाही. बदकांच्या डबक्यात बुडायला लागला होतास तेव्हा मीच ओढून काढलं होतं, मी सहा वर्षांची होते.

मला शाळा फार नाही, पण एवढं कळतं. बाबांची जमीन एकच. अर्धी तुझी, म्हणून तुझं मत. अर्धी माझी, म्हणजे कायद्यानं लेमची, म्हणून त्याचं मत. तू तुमच्या हॅस्किन्सला देणार, तो ड्रेपरला. एका मतानं दुसरं खाल्लं, शिल्लक काय राहिलं? बाबा असते तर दोघांच्या पाठीत एकच काठी घातली असती. त्यापेक्षा दोघंही घरी बसा. लेमला मी विचारलं. आधी म्हणाला, तुझा भाऊ फ्रेंचांचा चेला, त्याच्या शब्दावर कोण राहील. मग मी स्वयंपाक बंद केला. आता बायबलवर हात ठेवून म्हणालाय, ओबेद येणार नसेल तर मीही जात नाही.

तू फक्त हो म्हण. राग विधानसभेवर काढ, माझ्यावरचा लोभ राहू दे.

तुझी
केझाया

२१ एप्रिल

चि. केझायास, ओबेदचे अनेक आशीर्वाद, हल्डाच्या नव्या दातांनाही.

पत्र पोचलं, पण लाखेचं सील फुटलेलं होतं. थैली उतरवून घेणारा गुत्तेवाला पर्डी म्हणतो, थैली भिजली म्हणून वाळवायला उघडलं. वाळवताना वाचलंही असणार, कारण मला बघून सगळा गुत्ता बदकासारखा ओरडला. तू ते डबकं लिहायलाच हवं होतं का?

तुझा हिशोब बरोबर आहे, हेच वाईट आहे. राजाची शेपूट धरणाऱ्या त्या ड्रेपरला विधानसभेत पाठवायला लेम कसा तयार होतो हे मला या जन्मी कळायचं नाही. त्याच्या टोपीवरचा ड्रेपरच्या पक्षाचा काळा गोंडा मी एकदाच उपटून पंचच्या दारूत बुडवला, त्याचं मला वाईट वाटत नाही, पंचचं वाटतं. पण तू रडशील म्हणून हो म्हणतो. मी येत नाही. त्यालाही आण पाळायला सांग.

सगळ्यांना यथायोग्य. मेव्हण्याला अर्धंच.

ओबेद

ता. क. पत्र थैलीत टाकायच्या आतच, आज २२ तारखेला, पर्डीनं बोलावून सांगितलं. लेमचा तांबडा घोडा कोर्टाच्या रस्त्यानं जाताना पलीकडच्या माणसांनी पाहिला, वर काळ्या गोंड्याचा स्वार. म्हणजे माझ्याकडून हो घेतलं आणि स्वतः दोन दिवस आधीच निघाला. बायबलवर हात ठेवून, वा. तू भोळी आहेस, तुझा दोष नाही. पण आता मी घरी बसलो तर मूर्ख ठरेन. उद्या दुपारी पर्डीकडे जेवतो आणि वरच्या उतारानं पाण्यात घोडा घालतो. काळजी करू नकोस.

२३ एप्रिल, सकाळी

दादा,

नमस्कार वगैरे राहू दे.

लेम कुठंही गेलेला नाही. लेम माझ्यासमोर बसलाय, हल्डा त्याच्या मांडीवर आहे आणि त्याचं बोट चावतेय. घोडा नालबंद घेऊन गेला होता, नाल ठोकायला. त्या नालबंदाच्या टोपीला गोंडाच काय, धड काठसुद्धा नाही. पर्डी खोटं बोलला. त्यानं माझं पत्र वाचलं आणि हॅस्किन्सचं एक मत चाललं म्हणून तुला पेटवून दिलं. इतकं साधं आहे हे. आणि तू पेटलास. तुम्हा दोघांना कुणीही काडी लावावी, तुम्ही तयारच.

लेम तुला अडवायला वरच्या उताराकडे जायला निघाला होता. मीच धरून ठेवलं. तू पलीकडून त्याला घोड्यावर पाहिलंस तर मतालाच निघालाय समजून आणखी जोरात पाण्यात घुसशील. तसाच आहेस तू.

आता मी दादाशी बोलत नाही. हे पत्र त्याच्या आधी तुमच्याच हातात येणार, पर्डीसाहेब. किंवा गुत्त्यावर जो कोणी थैली वाळवत असेल तो. वाचलंत म्हणून मी रागावणार नाही. उलट वाचाच, आणि नीट वाचा.

तुम्हाला एक मत हवंय ना? माझ्या भावाचं मत नदीत गेलं तर तुम्हाला काय मिळणार? त्याऐवजी लेमचं घ्या. मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. ताटं आपटली, मीही रडले, शेवटी हल्डाला त्याच्याकडे दिलं आणि म्हटलं, हिला एकच मामा आहे.  मग म्हणाला, लिही. ओबेद तुमच्या काठावर राहिला तर उद्या कोर्टासमोर, कर्नल ड्रेपर समोर खुर्चीवर बसलेले असताना, लेम्युअल स्ट्राउड हॅस्किन्सचं नाव घेईल. मोठ्यानं. हसायचं तेवढं हसा. कागदाच्या मागं त्याची सही आहे. काळा गोंडाही त्यानं काढून या कागदाबरोबर पाठवलाय, तुमची खात्री पटावी म्हणून.

तुमचं त्यात काहीच कमी होत नाही, मोजून बघा. हॅस्किन्सला एक मत हवं होतं, एक मिळालं.

ओबेद दुपारी तुमच्याकडे जेवायला येईल. उंच आहे, डाव्या कानाला खाच आहे, आणि आधी चिडतो मग ऐकतो. त्याला गोंडा दाखवा. घोडा बांधून ठेवा, लागलं तर त्यालाही बांधा. हे वाचणारा तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, माझ्या भावाला एवढंच सांगा की लेम घरी आहे.