वैशाखातली ओहोटी

आई, आज अमावास्या आहे. सकाळी दूध तापायला ठेवलं, खिडकीतून जयपूरच्या ह्या मुरलीपुऱ्याच्या गच्च्या आणि त्यांवरच्या काळ्या टाक्या बघत उभा होतो, आणि तोंडून आपसूक निघालं, तिकडे आता पाणी पार खाली गेलं असेल. ऐकायला कोणी नव्हतं. दूध उतू गेलं. तुझंही असंच व्हायचं. समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर, खिडकीबाहेर रेल्वे क्वार्टरांची पिवळी रांग आणि उडणारी वाळू, आणि तू पोळ्या लाटता लाटता तिथीवरून भरती-ओहोटी सांगायचीस. अष्टमीला भांगाची भरती, पाणी आळशी. अवसेला, पुनवेला उधाण, जितकं वर चढेल तितकंच खाली उतरेल. बाबा ड्यूटीवरून आले की विचारायचे, ‘काय म्हणतोय आज तुमचा समुद्र?’ आणि तू खरंच उत्तर द्यायचीस.

शाळेत मला हिंदी. मराठी तू मामाकडून मागवलेल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून शिकवलीस, आणि त्यातल्या कवितांनी मला जन्मभर खुळं केलं. समुद्रावरची कविता मी चालीत म्हणायचो, तू लाटणं थांबवून ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, ‘छान आहे. पण ह्या समुद्राला वास नाही रे.’ मग तुझी वाट सुरू व्हायची. घरामागून सुरूच्या बनातून खाली, थोडी पुळण, मग काळा कातळ, त्यावर कालवांच्या धारा, म्हणून चपला काढायच्या नाहीत. समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं. डोंगराचं नाक पाण्यात शिरतं तिथे चुना लावलेला दगड. पुरुषमाणसानं सोबत यायचं ते त्या दगडापर्यंत, आणि पाठ करून बसायचं. नाकापलीकडे बायकांचा डोह. मोठ्या ओहोटीलाच उघडा पडणारा, कड्यातून गोडं पाणी झिरपत असलेला. तिथे तू आणि मावशी शिकेकाईनं एकमेकींचे केस धुवायच्यात. दगडापर्यंत तू सगळं बारकाईनं सांगायचीस. पुढचं थोडक्यात.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी नुकता रेल्वेतच चिकटलो होतो. तुझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, चढ चढू नका म्हणाले, आणि तू घरी येऊन पहिलं काय बोललीस तर, ‘तो कातळ सपाटच आहे.’ त्या थंडीत एका लग्नात मावशी भेटली होती. दोघींचं ठरलं होतं, वैशाखातल्या अवसेला माहेरी यायचं आणि डोहावर जायचं, एकदाच. शेजारची मारवाडी काकी हसली, ‘नहाने को इतनी दूर कौन जाता है, बाईजी?’ तू तुझ्या हिंदीत म्हणालीस, ‘मतलब, माहेर में नहाने को.’ काकीचंही माहेर लांब होतं.

त्या वर्षी मामाचं मराठी कॅलेंडर पोचलंच नाही. भिंतीवर झोटवाड्याच्या किराणावाल्यानं दिलेलं होतं. त्यात वैशाखाची अमावास्या शोधून तूच बोट ठेवलंस, मी पास काढला, रजा टाकली. मीटरगेजनं सवाई माधोपूर, मोठ्या गाडीनं मुंबई, मग रात्रभर एसटी. दारात मामीनं तोंडावर हात ठेवला. ‘अहो वन्सं, चैत्राची अवस उद्या. धाकट्या वन्सं पुढल्या अवसेला यायच्यात.’ इकडे जयपूरला महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला; इकडच्या वैशाखाची अवस ती आपल्या चैत्राची. दर गोकुळाष्टमीला शेजारणींच्या भादव्याला हसणारी तू, आपला श्रावण सोडून ह्यांना घाई कसली म्हणणारी. आणि आपल्याच वेळेला विसरलीस. तू ओटीवर बसलीस आणि हसायला लागलीस, मग खोकला आला. मी म्हटलं, महिनाभर राहा, मी न्यायला येतो. तू बाबांच्या जेवणाचं, इस्पितळाच्या तारखेचं सांगितलंस. मामीला सोबत चल म्हणालीस, तर ती म्हणाली, ‘आता कोण जातंय तिथे? नळ आलाय घरात.’

पहाटे आपण दोघंच निघालो. ती वाट मला पाठ होती, तरी दर वळणाला मला वाटे, कवितेतलं काहीतरी आता भेटेल. भेटला तो वास. तू थांबत चालत होतीस, थांबल्यावर दम लागला नाही असं दाखवायला एखादा शिंपला उचलून बघत होतीस. दगडावरचा चुना पार गेला होता, पण तू ओळखलास. ‘इथेच बस,’ म्हणालीस. ‘आणि पाठ कर.’ पदरात शिकेकाईची पुरचुंडी घेऊन तू नाकाला वळसा घालून गेलीस. मी पाठ करून बसलो. पाणी वळलं, खळग्यांतून कुजबुजत वर येऊ लागलं, तेव्हा तू परतलीस. लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं. अंबाड्यात मामीनं खोवलेलं अबोलीचं फूल तसंच. पुरचुंडी कोरडी.

‘गार होतं पाणी,’ तू म्हणालीस.

मी पुरचुंडी घेतली आणि तुला हात दिला.

जयपूरला परतल्यावर त्या रविवारी तू अंगणातल्या नळाशी पाट टाकलास, पुरचुंडी सोडलीस आणि मला हाक मारलीस. हात वर होत नव्हते तुझे. बादलीतलं पाणी उन्हानं कोमट झालेलं, त्यात शिकेकाईचा आंबूस वास. मी तांब्यानं घालत होतो, तू डोळे मिटून बसली होतीस. बादली सरत आली तसा मी थांबलो. ‘घाल,’ तू म्हणालीस, ‘अजून ओहोटी आहे.’ मी पुन्हा बादली भरली. श्रावणाच्या आधीच तू गेलीस, त्यांच्याही आणि आपल्याही. तेराव्याला आलेली मावशी सांगत होती, वैशाखात ती एकटीच डोहावर गेली, पाण्याकडे बघून म्हणाली, ताई महिन्यापूर्वी इथेच उतरली. मग माझा हात धरून तिनं विचारलं, ‘न्हाली ना रे ती?’ मी म्हटलं, न्हाली.

मामाचा मुलगा मागे फोनवर म्हणाला, नाकाच्या पलीकडे आता जेट्टी झालीय, सगळं सिमेंट. म्हणजे कोणी जाऊन बघणार नाही. हे कागद दुपारी फाडून टाकीन, तुझा पत्ता कोणाकडे आहे? एवढंच सांगायचं होतं की प्रताप नगरला नातीला पोहायला नेतो, निळ्या फरशीच्या हौदात, औषधाचा वास येणाऱ्या पाण्यात. परवा केस पुसताना तिनं विचारलं, ‘आजोबा, मतलब तुम्ही बघितलाय तो पणजीआजीचा डोह?’ मी म्हटलं, बघितलाय. ‘पाणी कुठल्या रंगाचं होतं?’ हिरवं, मी म्हणालो, तळ दिसे इतकं हिरवं. तू मला रंग कधी सांगितलाच नव्हतास.