फुटका वाडगा आणि सोन्याची सात पानं

४ मार्च, सकाळी
माझ्या कोपराने बायकोचा वाडगा फुटला. तिच्या आईची शेवटची आठवण वगैरे. वस्तू टेबलाच्या कडेला ठेवू नये, हे मी शांतपणे समजावलं. तिने तुकडे बुटाच्या खोक्यात भरले. एक बारीकसा कपाटाखाली गेला होता, तो मला नंतर दिसला. वाकायचा कंटाळा. झाडूने ओढला आणि कचऱ्यात टाकला. एवढ्याशाने काय होतंय!
संकल्प : रविवारपर्यंत वाडगा स्वतः जोडणे. तसं जाहीर केलं. टाळ्या नाहीत.

५ मार्च
मेहुणा मुक्कामाला टपकला. सोबत पत्त्यांचा खेळ. जपानमध्ये म्हणे फुटकी भांडी सोन्याने सांधतात, त्यावरून ह्यानेच काढलाय. प्रत्येकापुढे फुटक्या वाडग्याचं चित्र. सोन्याचं पान लावलं की एक भेग सांधली. ह्याला शर्टाचं बटण लावता येत नाही! असो, मला प्रॅक्टिस होईल. तो नियम वाचायला लागला. मी थांबवलं. नियम मठ्ठांसाठी असतात.

६ मार्च
रोज थोडा डाव, रविवारी निकाल. बाकीच्यांची अक्कल बघा : मेहुणा आपलं सोनं बायकोच्या वाडग्याला लावतो, बायको मुलीच्या. धर्मशाळाच उघडली आहे! मी एकही पान सोडलेलं नाही.
बायको आज हसली. मेहुण्याशी बोलताना.

७ मार्च
खरा वाडगा जोडायला बसलो. ग्लू थर्डक्लास. अंगठा टेबलाला चिकटला. मुलीने कोमट पाण्याने सोडवला आणि विचारलं, आईला सॉरी म्हणालास का? हल्लीची मुलं विषय सोडून बोलतात.

८ मार्च
विश्रांती. अंगठा दुखतोय.

९ मार्च, रविवार, दुपारी
डाव संपला. सोन्याची सात पानं रुबाबात मांडली. मग मेहुण्याने नियम वाचला : सोनं फक्त दुसऱ्याच्या वाडग्याला लावायचं. हातात उरलेल्या पानाला उणे एक. मुलीने माझ्या वाडग्याला लावलेलं एकुलतं एक पान धरून मी उणे सहा.

संध्याकाळी
बायकोने वाडगा आणून ठेवला. काल मी झोपलो असताना बहीणभावांनी जोडला. काठाशी नखाएवढं भोक. पाच दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली : एवढा तुकडा कुठे दिसला का?
लाज वाटली. पण तोंडातून निघालं, शोधतो.
तासभर कपाटाखाली वाकून शोधत होतो. मुलीने टॉर्च धरला. मग बायकोही शेजारी येऊन वाकली. तुकडा तिथे नाही, हे फक्त मलाच माहीत आहे.