आबांची चिखलाची बाटली

कडाव, ता. २१ सप्टेंबर १९४९

प्रिय हिरामण,

पत्र टपालात टाकलं नाही, चांगोकाकाच्या हाती देते आहे. तो लेकीकडे पुण्याला निघालाय आणि वाटेत साऱ्या गाडीला आपल्या घरच्या गोष्टी सांगत येईल, म्हणून त्याच्याआधी मीच तुला सांगते. आबांचा दम वाढलाय. कर्जतच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या. आबा मात्र मजेत आहेत बघ. भाकरीचा काठ तुटला तर म्हणाले, नाकतोड्यानं खाल्ला काय गं?

नाकतोड्यांनी खरंच वैताग आणलाय. भात पोटरीला आलंय, कणीस बाहेर पडायचंय, आणि वरून नुसती करकर ऐकू येते. गावाने ठरवलं की रोज प्रत्येक घराने टोपलीभर नाकतोडे धरून देवळामागच्या खड्ड्यात जाळायचे. सगळ्यांच्या टोपल्या भरून येतात, आपली अर्धी. त्यावरून मला काय काय ऐकावं लागतं ते तुला पुण्यात बसून नाही कळायचं. मालोजीच्या शेतातले नाकतोडे आमचं भात खातात, म्हातारा त्यांना पाळतो, असं आबांबद्दल माझ्या तोंडावर म्हणतात. आबांचं उत्तर ठरलेलं, हसतील त्याचे दात दिसतील.

तुला आठवतं का, तीन वर्षांमागे ठाकरवाडीची चिमा आपल्याकडे तण काढायला होती? भर दुपारी तिने आबांना बांधावर हाक मारली. एक नाकतोडा गवताला धरून मरायला टेकला होता आणि त्याच्या पोटातून पांढरा दोरा उलगडत बाहेर येत होता. चांगला वीतभर जिवंत दोरा! तो सरळ ओल्या चिखलात शिरला आणि नाकतोडा मेला. चिमा म्हणाली, हे तर आम्ही लहानपणापासून बघतो. आबा मात्र दोन पावसाळे त्या बांधावर ठाण मांडून बसले. पावसात इरल्याखाली बसलेला बाप बघून तू तोंड फिरवून जायचास, तेही मला आठवतं.

त्यातून त्यांना जे कळलं ते मला अजून नवल वाटतं. ज्याच्या पोटात दोरा असतो तो नाकतोडा सुस्त होतो, उन्हं वर आली तरी उडत नाही. आणि आपण धरायला गेलो की हाती कोण लागतो? जो उडत नाही तोच. धडधाकट निसटतात आणि सुस्त, पोटातल्या दोऱ्यासकट, टोपलीत जातात. म्हणजे सारा गाव रोज आपल्याच राखणदारांना जाळतोय गं, असं आबा म्हणाले, आणि तेव्हापासून आपली टोपली अर्धी झाली. आबा उडणारे धरतात, सुस्त बांधावर सोडतात, दोरा चिखलात उतरून पुढच्या नाकतोड्यांना धरावा म्हणून. त्या बांधालगतच्या चार ओळी यंदा हिरव्यागार आहेत. बाकीच्या शेताबद्दल मी छातीठोक सांगणार नाही, तेही खातंच आहे.

आता तालुक्याहून पावडर येणार आहे, एक तारखेला. नाकतोड्यांवर उडवायची, म्हणे एका दिवसात साफ. गावाला आपल्याही शेतावर हवी आहे, आणि मला तरी का नको असेल? पण आबांनी गावाकडे आपल्या शेतापुरती एक तारखेपर्यंतची मुदत मागितली आहे. पावडरीने दोरेही मरतात का, आणि हे दोरे एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन लावता येतील का, एवढंच त्यांना तुझ्या कॉलेजच्या साहेबांना विचारायचंय. पोस्टमन दिसला की उठून बसतात. पुण्याहून काय आलं का गं?

मी नाही म्हणते. हिरामण, गेल्या वर्षी गौरीत आबांनी तुझ्यापाशी द्यायला काचेच्या बाटलीत ओला चिखल भरून त्यात सहा दोरे सोडले होते. तोंडाला धोतराची चिंधी बांधली, त्यांना वारा लागावा म्हणून. सोबतची चिठ्ठी मी लिहिली होती. चौथी पास झाल्यापासून इतकं जपून अक्षर मी कधी काढलं नव्हतं. तुमच्या कॉलेजातल्या किड्यांच्या साहेबांना बाटली दिली, ते बघतो म्हणाले, असं तू दिवाळीत सांगितलंस.

या गणपतीत तुझे कपडे धुवायला ट्रंक उघडली तर तळाशी बाटली. चिखलाचं ढेकूळ झालेलं, चिठ्ठी तशीच, आणि चिंधीवर आबांची गाठ, बियाण्याच्या पुरचुंडीला मारतात तीच. ती कोणी सोडलीच नव्हती. मला इतका राग आला की तुला चुलीपुढे बसवून विचारावं. मग वाटलं, साहेबापुढे बापाची चिखलाची बाटली ठेवायची तुला लाज वाटली असेल. मला वाईट वाटलं, पण समजलंही. खोटं उत्तर मीच लिहून आबांना वाचून दाखवावं, असंही मनात आलं. पण चिठ्ठीत असेल तसं आबा शेतात करणार. खोटं कसं लिहू?

बाटली मी माळ्यावर लपवली होती. परवा बियाण्याची पुरचुंडी शोधताना ती आबांच्या हाती लागली. त्यांनी ती उजेडात धरली, गाठ बघितली, बराच वेळ बघितली. मग म्हणाले, चूक माझीच हाय, बायजा. पाणी शिंपायला सांगायचं राहिलं पोराला. काल काठी टेकत बांधावर गेले, चिमाला सोबत घेऊन नवे दोरे भरले. ती बाटली चांगोकाकाकडे आहे, चिखल ओला ठेव. साहेब हसले तर हसले असं लिही, पण खरं काय ते एक तारखेच्या आत कळव. चिंधी मी बांधते म्हटलं तर आबा ऐकेनात. गाठ मात्र त्यांनी मुद्दाम सैल मारली आहे. म्हणाले, हिरामणला सुटाया हवी.

तुझीच ताई,
बायजा